आईची बढती मुंबईत, घर पुण्यात: पहिलं वर्ष कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सरकारी बँकेत उपमहाव्यवस्थापकपदी बढती मिळाली आहे आणि नेमणूक मुंबईच्या मुख्यालयात आहे. घर पुण्यात, कोथरूडला. मुलगी ११ वर्षांची, सहावीत. मुलगा ५ वर्षांचा. यजमान सॉफ्टवेअर कंपनीत आहेत आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतात. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात. "सगळ्यांनी मदत करायचं कबूल केलंय, तरी मला झोप लागत नाही. कुठून सुरुवात करू?"

झोप का लागत नाही, ते तुमच्याच वाक्यात आहे. सगळ्यांनी "मदत" कबूल केली आहे, म्हणजे काम अजून तुमचंच आहे.

घरातल्या कुठल्याही कामाचे तीन भाग असतात: ते लक्षात येणं, काय करायचं ते ठरवणं आणि प्रत्यक्ष करणं. धाकट्याच्या स्नेहसंमेलनाचं उदाहरण घ्या. शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो की गुरुवारपर्यंत पांढरा सदरा आणि फेटा हवा. तो निरोप कुणीतरी वाचावा लागतो. मागच्या वर्षीचा सदरा आता आखूड होतो, हे कुणाला तरी आठवावं लागतं. विकत घ्यायचा की भाड्याने आणायचा, ते ठरवावं लागतं. मग कुणीतरी जाऊन आणतं. मदत करणारा माणूस फक्त शेवटची पायरी करतो, "काय आणायचं ते सांग" म्हणतो आणि अगदी प्रेमाने आणून देतो. आधीच्या सगळ्या पायऱ्या तुमच्याबरोबर मुंबईला, कर्जवाटप समितीच्या बैठकीत येऊन बसतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. तोही जे पुरुष घरकाम करतात त्यांचा, आणि असे पुरुष होते शंभरात साधारण २६. डोक्यात सतत चालू असलेली आठवण अशा पाहणीत नीट पकडलीही जात नाही.

म्हणून रुजू व्हायच्या आधी आठवडाभर एक वही ओट्याजवळ ठेवा. तुम्ही, यजमान आणि सासूबाई, तिघांनीही त्यात जे जे काम लक्षात येईल ते लिहायचं. गॅस नोंदवणं, नखं कापणं, वॅनच्या काकांचे पैसे, मुलीच्या कंपासपेटीतलं संपलेलं शिसं, आत्याच्या मुलीच्या लग्नाचा आहेर. साठ-सत्तर नोंदी सहज होतात आणि त्यांतल्या बहुतेक तुमच्याच अक्षरात असतात. यजमानांना हे भाषण देऊन पटत नाही, वही पाहून पटतं.

मग या नोंदींची खाती पाडा, मंत्रिमंडळात असतात तशी: शाळा, तब्येत, स्वयंपाकघर, कपडे, पैसे आणि बिलं, कामाला येणारी माणसं, नातेवाईक आणि सणवार. एका खात्याला एकच माणूस, आणि आठवण्यापासून करण्यापर्यंत ते सगळं त्याचं. शाळा आणि तब्येत ही दोन खाती यजमानांकडेच जायला हवीत, कारण भरदिवसा फोन येतो आणि तासाभरात माणूस हजर लागतो तो याच दोन ठिकाणी. १५० किलोमीटरवरून ही खाती चालत नाहीत. जी लांबून चालतात ती तुम्ही ठेवा: पैसे, बिलं, विमा, ऑनलाइन मागवायचे कपडे. त्याबरोबर एक खातं मुलांजवळ नेणारं ठेवा. मुलीचं गणित म्हणा किंवा दोघांची वाचनाची पुस्तकं. ते मात्र कुठल्याही आठवड्यात चुकवायचं नाही.

खातं सोपवायला तीन आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात तुम्ही करता आणि ते शेजारी बसून बघतात. दुसऱ्यात ते करतात आणि तुम्ही घरात असता, विचारलं तरच बोलता. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही शाळेच्या वर्ग-ग्रुपमधून बाहेर पडता. ही शेवटची पायरी बायका टाळतात आणि तिथेच सगळं फिसकटतं. दोघेही ग्रुपमध्ये असले की निरोप आईच आधी वाचते, आईच यजमानांना पुढे पाठवते आणि आठवण्याचं काम आपसूक परत तिच्याकडे येतं. ग्रुपमध्ये राहायचंच असेल तर तो संग्रहात (आर्काइव्हमध्ये) टाका आणि फक्त रविवारी उघडा.

त्याच आठवड्यात फोन नंबरांची दुरुस्ती करा. शाळेचा फॉर्म, शाळेचं ॲप, वर्गशिक्षिका, वॅनचे काका, बालरोगतज्ज्ञांचं दवाखान्यातलं कार्ड, क्लास, सोसायटीचं गेट: या सातही ठिकाणी पहिला नंबर वडिलांचा, दुसरा शेजारच्या विश्वासू घराचा आणि तिसरा तुमचा. फॉर्म बदलला तरी सवयीने शाळेतून फोन आईलाच येतो. तसा आला तर "मी मुंबईत आहे, त्यांच्या बाबांना लावा, नंबर तुमच्याकडे पहिला लिहिलेला आहे" एवढंच सांगायचं. तुम्हीच नवऱ्याला फोन लावून निरोप दिलात, तर पुढच्या वेळीही फोन तुम्हालाच येणार. दोन-तीन वेळा ठाम राहिलं की शाळा शिकते.

आता सगळ्यात अवघड पथ्य. यजमान तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने करतील. डब्यात दोन दिवस सलग पोळीचा लाडू जाईल, मोजे वेगवेगळे असतील, केसांचा भांग वाकडा असेल. तीस दिवस त्यावर एक शब्दही बोलायचा नाही. औषधं, रस्त्यावर किंवा पाण्याजवळ मूल एकटं असणं आणि खाण्याची ॲलर्जी, या तीनच बाबतींत लगेच बोलायचं. बाकी प्रत्येक दुरुस्तीचा अर्थ समोरच्याला "हे खातं तिचंच आहे, मी तात्पुरता सांभाळतोय" असा लागतो, आणि महिनाभरात तो "काय करू ते सांग" वर परत येतो. दुसऱ्या बाजूनेही धक्का बसतो. नातेवाईक यजमानांना "किती करतोस बिचारा" म्हणतात, किंवा मित्र टोमणे मारतात. त्यावर त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असावं: "माझीच मुलं आहेत." हे वाक्य त्यांनीच म्हणायचं असतं. तुम्ही म्हटलंत तर भांडण होतं.

रविवारी रात्री मुलं झोपल्यावर वीस मिनिटं दोघांनी दिनदर्शिका घेऊन बसा. पुढच्या सात दिवसांत कोण कुठल्या रात्री घराबाहेर आहे? कुठला दिवस नेहमीपेक्षा वेगळा आहे (परीक्षा, लस, स्वयंपाकाच्या मावशींची सुट्टी)? कुठल्या खात्याला या आठवड्यात दुसऱ्याचा हात लागणार आहे? आणि मागच्या आठवड्यात काय राहून गेलं? हिशेब मागायची ही जागा नव्हे. राहून गेलेलं फक्त नोंदवायचं आणि पुढे जायचं. एक नियम इथेच लिहून ठेवा: दोघेही एकाच रात्री शहराबाहेर नसतील. दोघांचे दौरे एकाच दिवशी आले तर ज्याची तारीख दिनदर्शिकेत आधी पडली तो जातो. या नियमामुळे दोघांनाही तारखा लवकर टाकायची सवय लागते.

प्रवासाचं गणित बारकाईने करावं लागेल. डेक्कन क्वीन मुंबईहून संध्याकाळी ५.१० ला सुटते, म्हणजे नरिमन पॉइंटहून साडेचारला आणि वांद्रे-कुर्ला संकुलातून त्याहीआधी उठायला हवं. उपमहाव्यवस्थापकाला हे रोज जमणार नाही, आणि जमेल असं मुलांना सांगूही नका. सोमवारी जाऊन शुक्रवारी परत आलात तर सलग चार रात्री पडतात, शनिवारी काम असेल तर पाच. पाच वर्षांच्या मुलाला त्या जड जातात. मधे एक रात्र घरी पडली पाहिजे. पण बुधवारी रात्री साडेदहाला पोचून गुरुवारी सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने परत निघालात, तर धाकट्याला तुम्ही दिसताच कुठे? तो झोपलेला असतो आणि उठतो तेव्हा घाईच असते. म्हणून बुधवारच्या रात्रीपेक्षा गुरुवारची सकाळ मागून घ्या. दर गुरुवारी दुपारपर्यंत बँकेच्या पुण्यातल्या अंचल (झोनल) कार्यालयातून काम करायचं, दूरदृश्य बैठका तिथूनच घ्यायच्या आणि दुपारी मुंबईला निघायचं. त्यामुळे सकाळी सव्वासहा ते आठ हा वेळ तुमचा होतो: उठवणं, आंघोळ, डबा, शाळेच्या दारापर्यंत सोडणं. आठवड्यात जास्तीत जास्त दोन रात्री सलग बाहेर, असा हा साचा आहे. हे रुजू होतानाच वरिष्ठांशी बोलून लेखी ठरवून घ्या. सहा महिन्यांनी मागितलं तर सवलत मागितल्यासारखं होतं, पहिल्या आठवड्यात मागितलं तर ती कामाची रचना ठरते.

बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, २०१५ च्या सप्टेंबरपासून. यातला एक शनिवार पूर्णपणे मुलांचा ठेवा आणि दुसरा तुम्हा दोघांचा. अनेक घरांत सगळे शनिवार मुलांना जातात आणि वर्षभरात नवरा-बायकोचं बोलणं फक्त वॅन, बिलं आणि औषधांपुरतं उरतं.

लांबून बोलण्याबद्दल सांगायचं तर वेळ ठरलेली असणं हे बोलण्याच्या लांबीपेक्षा महत्त्वाचं आहे. रोज रात्री ८.१५ म्हणजे ८.१५. बैठक चालू असेल तर बाहेर येऊन पाच मिनिटं. पाच वर्षांचं मूल व्हिडिओ कॉलवर "आज काय केलंस" ला उत्तर देत नाही. त्याला काहीतरी करायला द्यावं लागतं. एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक घरी आणि एक तुमच्या मुंबईच्या खोलीत, आणि रोज चार पानं दोघांनी मिळून वाचा. त्याच्या खोलीत आठवड्याचा तक्ता लावा. आई घरी नसलेल्या रात्रींना एका रंगाचं टिकली-स्टिकर आणि घरी असलेल्या रात्रींना दुसऱ्या रंगाचं. या वयाला "परवा" कळत नाही, टिकल्या मोजता येतात. निघताना चोरून निघू नका, तो झोपला असला तरी आदल्या रात्री सांगून झोपवा. एकदा गुपचूप गेलात की पुढचे कित्येक दिवस तो तुम्ही अंघोळीला गेलात तरी दाराशी बसून राहील. दर खेपेला खेळणं आणू नका. महिनाभरात तो आईऐवजी बॅगेची वाट बघायला लागतो. घरी आल्यावर पहिली तीस मिनिटं फोन पर्समध्ये.

"तू का जातेस?" असं तो विचारेलच. "पैशांसाठी" किंवा "तुझ्यासाठीच ना रे" ही दोन्ही उत्तरं नकोत. पहिल्यामुळे त्याला वाटतं की आपण कमी मागितलं तर आई घरी राहील, आणि दुसऱ्याने तुमच्या जाण्याचं ओझं त्याच्यावर पडतं. काम काय आहे ते त्याला कळेल असं सांगा: लोक बँकेत पैसे ठेवतात, ते सुरक्षित आहेत ना हे बघणाऱ्या माणसांची मी प्रमुख आहे. एखाद्या शनिवारी दोघांना मुंबईला नेऊन ऑफिसची इमारत, तुमची खुर्ची, तुम्ही राहता ती खोली दाखवा. आई कुठे झोपते ते एकदा पाहिलं की मुलांच्या मनातली बरीच भीती जाते.

मुलीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. ११ वर्षांच्या मुलीची पाळी कधीही सुरू होऊ शकते, आणि ती तुम्ही मुंबईत असलेल्या मंगळवारी शाळेत सुरू होईल हे गृहीत धरा. त्याची तयारी या महिन्यातच करा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक छोटी कापडी पिशवी: दोन पॅड, एक निकर, कागदाचा रुमाल, वापरलेलं ठेवायला एक बंद होणारी पिशवी. पॅड कसं लावायचं आणि कशात गुंडाळून टाकायचं ते घरी एकदा करून दाखवा. तिच्या बाबांनाही हे सगळं माहीत असायला हवं: पॅड कपाटात कुठे आहेत, किती तासांनी बदलायचं (साधारण चार ते सहा), पोट दुखलं तर काय करायचं. त्यांनी तिच्याशी आधीच एकदा बोलावं की "आई नसताना झालं तर मला फोन कर, मी येतो." बाप हे वाक्य बोलला नाही तर मुलगी त्यांना फोन करणार नाही, तुमची वाट बघत रात्रीपर्यंत गप्प बसेल. सासूबाईंशीही आधीच बोला. बाजूला बसवणं, देवघरात जाऊ न देणं, लोणच्याला हात लावू न देणं यांबद्दल त्यांचं मत वेगळं असेल तर तो विषय तुम्ही तिघा मोठ्यांनी आताच मिटवा. तुम्ही नसताना त्या मुलीला काय ऐकावं लागेल, हे नशिबावर सोडायची गोष्ट नाही.

या वयात समोरासमोर बसून "काही सांगायचंय का" विचारलं की उत्तर "नाही" येतं. गाडीत शेजारी बसून, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुली बोलतात. शनिवारी असं एखादं हातातलं काम दोघींनी मिळून करा.

सासूबाईंच्या बाबतीत घरोघरी एक चूक होते: त्या "आहेतच" म्हणून बाकी सोय केली जात नाही. ६८ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईने पाच वर्षांच्या मुलामागे रोज सहा तास धावणं हे होणारं काम नाही. दोन महिन्यांत गुडघे सुजतात आणि सगळी व्यवस्था एकदम कोसळते. मुलाची शाळा दुपारी साडेबाराला सुटत असेल तर साडेबारा ते चार पाळणाघर किंवा घरी येणाऱ्या ताई, आणि चार ते सहा आजी. आजीकडे गोष्टी, देवासमोरचा दिवा, खाऊ ही कामं असावीत. उचलणं, अंघोळ घालणं, खाली खेळायला नेणं दुसऱ्याकडे. आठवड्यातला एक पूर्ण दिवस त्यांचा स्वतःचा: भजनी मंडळ, बहिणीकडे जाणं, डॉक्टर. त्या नको म्हणतील, तरी ठेवाच.

स्वयंपाकाच्या मावशींवर हे घर पूर्वीपेक्षा जास्त अवलंबून राहणार आहे, तर त्यांची नोकरीही नोकरीसारखी ठेवा. महिन्याला चार सुट्ट्या पगारी, दिवाळीला एक महिन्याचा पगार, आजारपणात पैसे कापायचे नाहीत. सुट्ट्या आधी सांगून घ्यायच्या, एवढीच अट. आठवड्याचा बेत रविवारी लिहून फ्रिजवर लावा, नाहीतर संध्याकाळी सहाला "ताई, भाजी काय करू" असा फोन मुंबईला येतो. त्या न आल्यास काय, हेही त्याच कागदावर असू द्या: पोळी-भाजी केंद्राचा नंबर, पाच माणसांच्या पोळ्यांचा आकडा (साधारण अठरा ते वीस), आणि कपाटातलं मेतकूट, भाजणी, मुगाची डाळ. वरणभात आणि तूप-मेतकूट खाल्लेल्या मुलांचं काही बिघडत नाही.

तापाचा कागद वेगळा करा आणि औषधांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींचं मिळतं: ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. बाटल्या सारख्याच दिसतात. मुलांचा डोस वजनावर असतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १८ किलोच्या मुलाला साधारण २५० मिलिग्रॅम म्हटलं तर जास्त ताकदीचं ५ मिलिलिटर होतं आणि कमी ताकदीचं १० मिलिलिटर. घरात दोन्ही बाटल्या असतील तर आजी एकीचं माप दुसरीला लावतात आणि डोस दुप्पट किंवा अर्धा होतो. म्हणून घरात एकच ताकद ठेवा. तुमच्या डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये डोस लिहून घ्या, वजन दर तीन महिन्यांनी तपासा, आणि डोस दिला की कागदावर वेळ लिहा. दोन डोसांत किमान चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पुण्यात डेंग्यूचे दिवस असतात. त्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन द्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मूल सुस्त पडतंय, लघवी कमी होतेय, धाप लागतेय, पोटात खूप दुखतंय किंवा सतत उलट्या होताहेत, तर तुम्हाला फोन करण्याआधी डॉक्टरकडे जायचं, हे ठळक अक्षरात लिहा. "आधी सुनेला विचारू" यात तास-दोन तास जातात. त्याच कागदावर आरोग्य विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचं नाव. आई-वडील पोचेपर्यंत आजी मुलाला दाखल करू शकतील असं तुम्हा दोघांच्या सहीचं पत्र फाइलमध्ये असावं.

ऑफिसात काय करायचं? पदामुळे तुमच्या हातात आता असं बरंच आहे जे शाखेत असताना नव्हतं, ते वापरा. स्वीय सहायकाला तीन नंबर द्या: यजमान, मुलगी, शाळा. या तिघांचा फोन कुठल्याही बैठकीत चिठ्ठीने आत येईल, बाकी कुणाचाही नाही. इंद्रा नूयी पेप्सिकोत असताना त्यांची धाकटी मुलगी ऑफिसात फोन करून व्हिडिओ गेम खेळायची परवानगी मागायची, आणि आई परदेशात असली तर स्वागतिका ठरलेले प्रश्न विचारायची: गृहपाठ झाला का, खाऊ खाल्ला का. उत्तरं बरोबर असली की अर्धा तास खेळायची परवानगी मिळायची आणि आईला तसा निरोप जायचा. हे त्यांनी जाहीर मुलाखतीत सांगितलं आहे. यात शिकण्यासारखं हे आहे की आई हाती लागली नाही तरी मुलाला रोज तेच उत्तर मिळत होतं. तुमच्या घरी ही स्वागतिकेची जागा वडिलांची आहे. मोबाईल, टीव्ही, खेळायला जाणं यांचे नियम लिहून ठेवा आणि "आईला विचार" हे उत्तर कुणीही द्यायचं नाही.

तुमच्या हाताखालच्या लोकांसाठीही थोडं करा. रात्री नऊनंतर ईमेल पाठवू नका, लिहिलीत तर सकाळची वेळ लावून ठेवा. प्रमुख बाई गुरुवारी पुण्यातून काम करतात हे उघड माहीत असू द्या. लपवलंत तर तुमच्या हाताखालच्या तरुण मुलींना वाटेल की मोठ्या पदावर घर लपवावंच लागतं.

वर्षाची दिनदर्शिका समोर घेतली की अडचणीचे महिने लगेच दिसतात. मार्च-एंड आणि मुलांची वार्षिक परीक्षा हातात हात घालून येतात. एप्रिलमध्ये लेखापरीक्षण, एप्रिल-मेमध्ये वार्षिक निकाल, मग जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत तिमाही निकाल. १५ मार्च ते २० एप्रिल हा काळ "आई जवळजवळ नसेल" म्हणून आताच जाहीर करा आणि त्या पाच आठवड्यांसाठी तुमच्या माहेरचं किंवा सासरचं कुणी येऊन राहील अशी सोय करा. मुलीचा अभ्यास फेब्रुवारीअखेर एकदा पूर्ण होऊन जाईल असा आखा, म्हणजे मार्चमध्ये फक्त उजळणी राहील. ती बाबांबरोबर होते. दौरा कधी संपणार हे ठाऊक असेल तर मुलं बरंच सोसतात. "थोडे दिवस" म्हणालात की रोज विचारतात.

सणांत सगळं धरून ठेवू नका. गौरी-गणपती तुमच्याकडे असतील तर ते तीन दिवस रजा आत्ताच टाका आणि पूर्णपणे घरी राहा. दिवाळीचा फराळ बाहेरून आणा, चकली तेवढी मुलांबरोबर घरी करा. बाकी हळदीकुंकू, बारशी, मुंजींना कोण जाणार ते नातेवाईक-खात्याचा माणूस ठरवेल.

रजेबद्दल एक गैरसमज ऐकायला मिळतो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची. सरकारी बँक म्हणजे केंद्र सरकारचं खातं नव्हे, त्यामुळे ती रजा तुम्हाला आपोआप लागू होत नाही. स्टेट बँकेत अरुंधती भट्टाचार्य अध्यक्ष असताना मुलांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी महिलांना दोन वर्षांपर्यंत सबॅटिकल, म्हणजे लांब मुदतीची रजा, घेण्याची सोय झाली. तुमच्या बँकेत काय आहे, ते मनुष्यबळ विभागाकडून लेखी मागवा आणि फाइलला लावा, आज गरज नसली तरी. दुसरी गोष्ट: रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनेनुसार संवेदनशील पदांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा किमान १० कामाचे दिवस अचानक सक्तीच्या रजेवर पाठवतात आणि तेव्हा साध्या ईमेलखेरीज कामात शिरता येत नाही. तुमचं पद त्या यादीत असेल तर ही रजा आधी कळणार नाही, सहलीच्या हिशेबात धरू नका. पण ती आली की ते दिवस यजमानांना खात्यांतून मोकळं करण्यासाठी वापरा. त्यांनाही विश्रांती लागते.

पैशांबद्दल थोडक्यात. तुमचा पगार यजमानांपेक्षा जास्त होणार असेल तर घरखर्चाचं एक संयुक्त खातं काढा आणि त्यात पगाराच्या प्रमाणात भरा. दोघांच्या हातात येणाऱ्या रकमांचं प्रमाण दोनास एक असेल आणि सामाईक खर्च दीड लाख असेल, तर तुमचे एक लाख आणि त्यांचे पन्नास हजार. मुंबईची खोली, प्रवास, पाळणाघर आणि मावशींची वाढ हे सगळं याच खात्यातून जावं. ते "तिच्या नोकरीचा खर्च" म्हणून वेगळं काढलं की दर भांडणात वर येतं.

मुलांवर याचा काय परिणाम होईल, ही तुमची खरी काळजी असणार. हार्वर्डच्या कॅथलीन मॅकगिन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या सर्वेक्षणांवरून दाखवलं आहे की नोकरी करणाऱ्या आयांच्या मुलींमध्ये पुढे स्वतः नोकरी करण्याचं आणि हाताखाली माणसं असलेल्या जागी पोचण्याचं प्रमाण जास्त आहे, मुलगे घरच्यांच्या देखभालीला जास्त वेळ देतात, आणि मोठेपणीच्या समाधानात फरक पडत नाही. हे सरासरीचं बोलणं आहे, तुमच्या मुलांची हमी नव्हे. तुमच्या मुलांसाठी तुम्हालाच बघावं लागेल: झोप, भूक, शाळेत जायचा कंटाळा, अंथरूण ओलं होणं परत सुरू होणं, मुलीचं मैत्रिणींशी बोलणं बंद होणं. पहिले तीन-चार आठवडे यातलं थोडंफार होतं आणि जातं. सहा आठवड्यांनंतरही टिकलं तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा शाळेच्या समुपदेशकांशी बोला. तेव्हा आधी रात्रींची संख्या तपासा, मुलाला दोष देण्यापूर्वी.

मुलांना मुंबईला हलवायचं का, हा निर्णय आज घेऊ नका. वर्षाच्या मध्ये शाळा बदलली तर मुलीचं मित्रमंडळ, आजीचा डॉक्टर, मावशी, पाळणाघर सगळं एकदम तुटतं आणि तुमच्या पदाचे पहिले सहा महिने तेच सांभाळण्यात जातात. दिवाळीच्या सुट्टीत बसून तीन आकडे काढा: तुम्ही महिन्याला किती रात्री बाहेर होतात, गुरुवारच्या किती सकाळी खरोखर मिळाल्या, आणि यजमानांनी शाळा-तब्येतीचं काम तुम्हाला न विचारता किती आठवडे चालवलं. बाहेरच्या रात्री वर ठरवलेल्या साच्यापेक्षा जास्त होत असतील आणि गुरुवार निम्मेही मिळाले नसतील, तर पुढच्या जूनसाठी मुंबईच्या शाळांचे फॉर्म लगेच भरायला घ्या, कारण खासगी शाळांचे प्रवेश साधारण डिसेंबर-जानेवारीतच मार्गी लागतात. यजमानांच्या कंपनीला मुंबईतून काम करू द्याल का, हेही त्याच आठवड्यात विचारून घ्या, आणि सासूबाईंना पुणं सोडायचं आहे का, हे त्यांना एकटीला बसवून विचारा.